खंड पडला म्हणून पहिल्यापासून? नाही, राहिलंय तिथून पुढे

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात साखळीजवळ सासर असलेल्या एका आईचं बाळ ११ महिन्यांचं आहे. जन्म माहेरी, कोल्हापूरला. जन्मताच्या लसी आणि नंतरचे दीड व अडीच महिन्यांचे डोस तिथल्याच खासगी बालरोगतज्ज्ञांकडे झाले. गोव्यात आल्यावर साडेतीन महिन्यांचा डोस मे महिन्यातल्या लग्नांत राहिला, पावसात बाळाची सर्दी हटेना, मग गणपतीची चवथ आली. नऊ महिन्यांचा डोसही तसाच मागे पडला. आता आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणतात, एका दिवसात चार-पाच सुया घ्याव्या लागतील. नात्यातली एकजण म्हणते, एवढा खंड पडला म्हणजे सगळं पहिल्यापासून. सासूबाई म्हणतात, वर्षाचा होऊ दे, मग बघू. शिवाय दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण उठलेला नाही. आणि ‘जेई’ नावाची लस कोल्हापुरातल्या बहिणीच्या मुलाला दिलेली नाही, मग ती इथेच का?

ताई, पहिल्यापासून काहीही करायचं नाही. झालेले डोस झाले, ते मोजायचे, आणि राहिलेत तिथून पुढे चालू करायचं. लसीने शरीराला जी ओळख करून दिलेली असते ती चार-सहा महिन्यांत पुसली जात नाही. पुढचा डोस मिळाला की तीच ओळख जागी होते आणि प्रतिकारशक्ती वर चढते. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, हा नियम पक्का आहे. त्याहून लवकर दिलेला डोस हिशेबात धरत नाहीत. उशिरा दिलेला मात्र पूर्ण धरतात. लोकांच्या डोक्यात हे नेमकं उलटं बसलेलं असतं.

उशिराने नुकसान होतं ते वेगळ्या ठिकाणी. मधले सात-साडेसात महिने बाळ अर्ध्या संरक्षणावर राहिलं. डांग्या खोकला बाळ जितकं लहान तितका जास्त घातक, म्हणून तर सरकारने हे तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना इतके जवळजवळ ठेवलेत. तो काळ परत येणार नाही, पण निभावला. आता पुढचा काळ वाया घालवू नका.

‘वर्षाचा होऊ दे’ हा सल्ला तर तुमच्या बाबतीत चांगलाच महागात पडू शकतो. लसींच्या वेळापत्रकात वर्षाचा वाढदिवस ही खरोखरची सीमारेषा आहे. सरकारी कार्यक्रमात बीसीजी वर्षापर्यंतच देतात. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), न्यूमोनियावरची न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही आणि जुलाबावरची रोटाव्हायरस यांचा निदान पहिला डोस वर्षाच्या आत झालेला असावा लागतो. तो झालेला असेल तर उरलेले पुढे पूर्ण करता येतात, त्यामुळे तुमचं दार बंद झालेलं नाही. पण माझ्याकडे अशी मुलं येतात ज्यांना सहा आठवड्यांचा डोससुद्धा मिळालेला नसतो, आणि घरच्यांनी मोठ्या मायेने वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहिलेली असते. त्यांना मग पेंटाव्हॅलंटऐवजी साधी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात एवढीच) द्यावी लागते आणि पीसीव्ही व रोटा सरकारी कार्यक्रमातून मिळतच नाहीत.

आता तुमच्या बाळाचा हिशेब. कोल्हापूरचं कार्ड बघा. खासगीत बहुधा ‘सहा-इन-वन’ म्हणजे हेक्झाव्हॅलंट दिलेली असेल. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी, हिब (मेंदूज्वर-न्यूमोनियाचा एक जंतू) आणि पोलिओची इंजेक्शनवाली लस अशा सहाही असतात. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये पहिल्या पाच असतात आणि पोलिओची सुई वेगळी, दंडावर कातडीत, अगदी थोडी, ०.१ मिलीची. म्हणजे तुमच्या बाळाचे या सहांचे दोन-दोन डोस झालेत आणि तिसरा राहिलाय. तो आरोग्य केंद्रात पेंटाव्हॅलंटने पूर्ण केला तरी चालतं. कंपनी बदलली, सरकारीवरून खासगी झालं किंवा उलट, त्याने मालिका तुटत नाही. रोटाचं नाव मात्र कार्डावर नीट वाचा. रोटारिक्स दिली असेल तर ती दोन डोसांतच पूर्ण होते, काहीच राहिलेलं नाही. दुसरी कुठली असेल तर तिसरा डोस राहिलाय. खासगी डॉक्टर साधारण ८ महिन्यांनंतर रोटा देत नाहीत, सरकारी नियम थोडा सैल आहे. म्हणून हे केंद्रातल्या डॉक्टरांनाच कार्ड दाखवून विचारा.

एवढं सगळं धरून, परवा गेलात तर बाळाला मिळेल ते असं: पेंटाव्हॅलंटचा तिसरा, पीसीव्हीचा राहिलेला, गोवर-रुबेला म्हणजे एमआरचा पहिला, जपानी मेंदूज्वर म्हणजे जेईचा पहिला, दंडावर ती पोलिओची बारीक सुई, तोंडाने पोलिओचे थेंब आणि अ जीवनसत्त्वाचं एक लाख युनिटचं गोड औषध. सिस्टर बरोबरच सांगतात, पाच सुया होतात. वेळेवर आलेल्या बाळालासुद्धा नऊ महिन्यांना आता चार होतात. पोलिओच्या सुईचा तिसरा डोस २०२३ पासून नऊ महिन्यांना जोडला गेला, तेव्हापासून त्या दिवशी खोलीत रडारड जरा वाढलीय हे मान्य.

एकाच दिवशी पाच लसी बाळाला झेपतील का? झेपतात. रांगणारं मूल दिवसभरात जमिनीवरून, चपलेवरून, शेजारच्या मांजरावरून जे काही तोंडात घालतं, त्यातून त्याच्या शरीराला लसीपेक्षा कितीतरी जास्त जंतूंशी सामना करावा लागतो. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या सिरिंजने दिलेल्या लसी एकमेकींचं काम बिघडवत नाहीत. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, एमआर उजव्या दंडावर, अशा जागा ठरलेल्या असतात. त्या उगीच ठरवलेल्या नाहीत. उद्या एखादी जागा सुजली तर कुठल्या लसीमुळे हे कार्ड न बघता कळतं.

तरीही घरात फारच विरोध असेल आणि दोन खेपांत करायचं ठरलं, तर एमआर मागे ठेवू नका. ती पहिल्या खेपेत झालीच पाहिजे. आणि एक बारकावा: टोचायच्या दोन जिवंत लसी एक तर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे. एमआर जिवंत आहे. केंद्रात असलेली जेईची लसही जिवंत प्रकारची असेल, तर आज एमआर आणि आठ दिवसांनी जेई हे चालत नाही. म्हणून मी तरी सांगते, एकदाच जा, सगळं एकदम घ्या, एक रात्र किरकिर सहन करा. दोन खेपा ठरवलेल्यांपैकी दुसरी खेप वेळेवर करणारे फार थोडे बघितलेत.

आता जेई. हा प्रश्न गोव्यात बाहेरून आलेले बहुतेक आईबाप विचारतात. जपानी मेंदूज्वराची लस देशभर देत नाहीत, जिथे रोगाचा वावर आहे त्या जिल्ह्यांतच देतात. महाराष्ट्रातही ती काही ठरावीक जिल्ह्यांतच आहे. म्हणून तुमच्या बहिणीच्या मुलाला मिळाली नसेल तर त्यात तिथल्या डॉक्टरांची काही चूक नाही. गोव्यात हा रोग गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकापासून नोंदलेला आहे आणि इथल्या वेळापत्रकात ही लस आहे. कारण आपल्या आजूबाजूलाच दिसतं. हा विषाणू पाणथळ जागेतल्या बगळ्यांसारख्या पक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो, आणि भातशेतीच्या साचलेल्या पाण्यात पैदास होणारा क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतो. आपल्याकडे पावसाळी भात, त्यानंतर पाणी असेल तिथे वायंगण म्हणजे उन्हाळी भात, खाडीकाठची खाजन शेतं, घरामागे डुकरं पाळणारे वाडे. डासाला आणखी काय हवं? माणसाकडून माणसाला हा रोग जात नाही, म्हणून ‘आजूबाजूला सगळ्यांनी घेतलीय, मग आमच्या बाळाला नको’ हा हिशेब इथे लागूच होत नाही. ज्याने घेतली तोच वाचतो. चावलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, पण ज्याच्या मेंदूपर्यंत पोचला त्यांतले दहापैकी तीनपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांतल्या ३० ते ५० टक्क्यांना कायमचं अपंगत्व राहतं. विषाणूवर औषध नाही. तुमच्या बाळाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत.

सत्तरी तालुक्यातले पालक याच ओघात माकडतापाची लस आहे का असं विचारतात. तो वेगळा रोग, गोचिडीतून येणारा, आणि त्याची जुनी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने वापरातून गेली. त्यात आणि जेईत गल्लत करू नका.

आता ज्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय ते. आधी सरकारी आरोग्य केंद्रात आणि नंतर स्वतःच्या दवाखान्यात, दोन्ही टेबलांमागे मी बसले आहे. लसीला साफ नकार देणारे आईबाप गोव्यात फार कमी. ज्यांची मुलं अर्धवट राहतात ते जवळपास सगळे ‘पुढे ढकलणारे’ असतात. आणि ढकलण्यात एकट्या आईचा हात कधीच नसतो.

आजी म्हणते, “आयज न्हय, मागीर पळोवया.” म्हणजे आज नको, नंतर बघू. यात लसीला विरोध नसतो, नातवंड आज हसतंय, त्याला आजच का रडवा, एवढंच असतं. मग मे महिन्यात लग्नं, जूनमध्ये पाऊस आणि सर्दी, श्रावणात उपास-वारांचं घर, चवथीला पंधरा दिवस कोण दवाखान्यात जाणार, पुढे जत्रा. गोव्याच्या कॅलेंडरात लसीसाठी मोकळा आठवडा शोधत बसलात तर सापडणार नाही. पण डॉक्टर आणि यंत्रणाही यात कमी नाहीत. बाळाला शेंबूड आहे म्हणून परत पाठवणारे डॉक्टर आहेत. ‘आज एकच मूल आलंय, कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया जातील, पुढच्या वारी या’ असं सांगणारी केंद्रं अजून सापडतात. हे दुसरं तर नियमाच्या सरळ विरुद्ध आहे. एमआरची आणि बीसीजीची कुपी पावडरीची असते, द्रावण मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते, उरलेलं फेकावं लागतं. ते फेकणं सरकारने हिशेबात धरलेलं आहे. एका मुलासाठीसुद्धा कुपी फोडायची, अशीच सूचना आहे. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही यांसारख्या पातळ लसींची उघडलेली कुपी तर नीट ठेवली तर २८ दिवस चालते. तुम्हाला कोणी असं परत पाठवलं तर भांडू नका, पण ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांशी एकदा बोलू का?’ एवढं जरूर विचारा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

सर्दी, खोकला, कोमट अंग, थोडे जुलाब, चालू असलेलं अँटिबायोटिक, वजन कमी असणं, दात येणं, यांतल्या एकाही कारणाने लस थांबवायची नसते. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळालाही त्याच्या जन्मतारखेपासूनच मोजून देतात. थांबवायची कारणं थोडी आणि ठळक आहेत: रुग्णालयात न्यावं लागेल असा आजार, याच लसीच्या आधीच्या डोसनंतर जीवघेणी अ‍ॅलर्जी, डीपीटीवाल्या लसीनंतर आठवड्याभरात मेंदूवर परिणाम झालेला असणं, आणि जिवंत लसींच्या बाबतीत प्रतिकारशक्ती खूपच खालावलेली असणं. तुमच्या बाळाची पावसाळ्यातली सर्दी यांत कुठेच बसत नव्हती. त्या वेळी तुम्हाला कोणी हे सांगितलं नाही, यात तुमचा दोष नाही.

ढकलण्याची आणखी एक गोव्याची तऱ्हा आहे. इथे घरं खासगी आणि सरकारी अशा दोन्हींकडे पाय ठेवून असतात. बाळंतपण एकीकडे, पहिले डोस दुसरीकडे, पुढचे तिसरीकडे. खासगी डॉक्टरांना वाटतं पुढचं केंद्रात होईल, केंद्राला वाटतं हे खासगीवाले. आणि गोव्यात महाराष्ट्रासारख्या आशाताई नाहीत. दाराशी येऊन ‘डोस राहिलाय’ सांगण्याचं काम उपकेंद्राच्या एएनएम सिस्टरवर आणि अंगणवाडी सेविकेवर येतं. माहेराहून परतलेलं बाळ त्यांच्या वहीत नसेल तर त्यांना कळणार कसं? म्हणून दुसऱ्या गावाहून बाळ घेऊन आलात की पहिल्या आठवड्यातच अंगणवाडीत नाव घाला. बांधकामावर आलेल्या कुटुंबांचं तर हेच रडगाणं आहे. काम संपलं की घर बदलतं, घर बदललं की वही बदलते. तुमच्या घराच्या बांधकामावर असं कुणाचं लहान मूल असेल तर त्या आईला सांगा की सरकारी केंद्रात लस फुकट आहे आणि गोव्याचा पत्ता नसला तरी मिळते. गोवर अशाच फटींतून शिरतो. एक गोवराचं मूल न टोचलेल्या घोळक्यात १२ ते १८ जणांना देऊ शकतं, म्हणून गावातली ९५ टक्के मुलं दोन्ही डोस घेतलेली असावी लागतात. राज्याची सरासरी कितीही चांगली असली तरी गोवर सरासरी बघून येत नाही. तो न टोचलेली दहा मुलं एकत्र कुठे आहेत ते शोधतो.

एमआरवरून आठवलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ही लस देशात मोहिमेच्या रूपाने पहिल्यांदा आली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गोवा होता. कर्नाटक, तमिळनाडू, पुद्दुचेरी आणि लक्षद्वीपबरोबर. नऊ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून टोचली. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हाही काय काय फिरत होतं. एमएमआरने (एमआरमध्ये गालगुंडाची लस जोडलेली) ऑटिझम होतो हे तेव्हाही होतं, आजही असतं. त्या गोष्टीचं मूळ १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अँड्र्यू वेकफील्ड यांचा बारा मुलांवरचा एक लेख. तो लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. नंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत संबंध सापडला नाही. यावर मी याहून जास्त शब्द खर्च करत नाही.

नऊ महिनेच का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. आईकडून आलेली संरक्षक द्रव्यं बाळाच्या रक्तात पहिले काही महिने असतात आणि ती जिवंत लसीला निष्प्रभ करतात. लस उशिरा दिली तर जास्त चांगली लागते, पण तोवर गोवर झाला तर तान्ह्या बाळात तो फार वाईट असतो. नऊ महिने हा मधला तोडगा आहे. या वयात शंभरातल्या सुमारे ८५ मुलांना लस लागते. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस. म्हणून ‘एक झालाय ना, बास’ म्हणणाऱ्यांना मी सोडत नाही.

खासगी की सरकारी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. पेंटाव्हॅलंटमधला डांग्या खोकल्याचा भाग ‘होल सेल’ प्रकारचा, म्हणजे मारलेल्या अख्ख्या जंतूचा. त्याने ताप आणि मांडीची सूज जास्त. खासगीत ‘पेनलेस’ म्हणून विकतात ती ‘एसेल्युलर’, म्हणजे जंतूचे निवडक भागच असलेली: ताप कमी, पण संरक्षण लवकर ओसरतं. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत पहिल्या तीन डोसांसाठी होल सेलकडेच झुकतं. म्हणजे हजारो रुपये मोजून तुम्ही एक रात्रीची झोप विकत घेता, ज्यादा संरक्षण नाही. परवडत असेल तर जरूर घ्या, चुकीचं काही नाही. पण ‘सरकारी म्हणजे हलकं’ हा समज सोडा. सरकारी कार्यक्रमातल्या कितीतरी कुप्या पुण्याच्या सीरमसारख्या त्याच कारखान्यांतून येतात जिथून खासगीतल्या येतात.

शीतसाखळीबाबत, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याबाबत, तर सरकारी केंद्र पुष्कळदा सरस ठरतं. तिथे आयएलआर नावाचे फ्रीज असतात. त्यांच्या आतच बर्फाचं अस्तर असतं, वीज तासन्‌तास गेली तरी २ ते ८ अंश टिकतं. पावसाळ्यात आपल्याकडची वीज कशी असते ते सांगायला नको. खासगी दवाखान्यात साधा घरगुती फ्रीज असेल तर लस दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली नसावी, आणि वीज गेल्यावर काय करता याचं उत्तर डॉक्टरांकडे तयार असावं. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, कावीळ-बी या लसी उन्हाने जेवढ्या बिघडत नाहीत तेवढ्या गोठल्याने बिघडतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सरकारी कुपीवर एक छोटं चिन्ह असतं: वर्तुळात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर कुपीने फाजील उष्णता सोसलेली नाही. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. बघायला मागा. चांगली सिस्टर आनंदाने दाखवते.

बीसीजीचा व्रण नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुळी येते, फुटते, खपली धरते, मग खूण राहते. काही बाळांत हे होतच नाही. डोस दिल्याची नोंद कार्डावर असेल तर पुन्हा टोचत नाहीत.

आता घरी आल्यावर काय. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसा, पार्किंगमध्ये नाही. गंभीर अ‍ॅलर्जी अत्यंत विरळा, पण झाली तर ती याच वेळात, आणि तिचं औषध केंद्रात तयार असतं. अंगावरचं दूध लगेच पाजलं तरी चालतं. त्या रात्री ताप येईल, मांडी दुखेल, बाळ कडेवरून उतरणार नाही. एक-दोन दिवसांत निवळतं. मांडीवर चोळू नका, गरम शेक नको, बाम, हळद, खोबरेल काही नको. फार तर थंड पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा. एमआरचा ताप मात्र त्या रात्री येत नाही. आला तर पाच ते बारा दिवसांनी, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. लोक तोवर लस विसरलेले असतात आणि भलताच आजार समजून धावत येतात.

पॅरासिटामॉलबाबत नीट वाचा, कारण रात्री दोन वाजता गोंधळ इथेच होतो. प्रमाण वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत निदान सहा तास. बाळ ८ किलोचं असेल तर १२० मिलिग्रॅम. बाजारात थेंबांची बाटली १ मिलीत १०० मिलिग्रॅमची मिळते. तिचे १.२ मिली. सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असेल तर जवळपास ५ मिली. ५ मिलीत २५० चंही सिरप असतं, त्याचे अर्धे. बाटलीवरचा आकडा न बघता ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ या आठवणीवर देऊ नका. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, फिट, बाळ निपचित पडणं, किंवा दोन दिवसांनंतरही उतरत नसलेला ताप, यांतलं काही दिसलं तर थेट केंद्र किंवा रुग्णालय. ही नोंद सरकारकडे जाते आणि तिची चौकशी होते, म्हणून सांगायला संकोच करू नका.

सरकारी यादीबाहेरच्या लसींचं विचाराल तर माझा क्रम असा: पैसे मोजके असतील तर आधी टायफॉइडची एक सुई, ती सहा महिन्यांनंतर कधीही. मग फ्लूची, आणि ती घ्यायची तर गोव्यात पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात. पहिल्यांदा घेताना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. गालगुंड सरकारी एमआरमध्ये नाही. पुढे १५ महिन्यांच्या सुमारास खासगीत एमएमआर घेतली तर तेही होईल. कावीळ-ए आणि कांजिण्या वर्षानंतर, सवडीने. मात्र यांतली एकही लस सरकारी यादीतल्या लसीच्या बदल्यात नाही. आधी राहिलेलं पूर्ण करा, मग हे.

आणि बूस्टरना हलकं घेऊ नका. घटसर्प हल्ली तान्ह्यांपेक्षा पाच वर्षांपुढच्या मुलांत जास्त दिसतो. १६ ते २४ महिन्यांचा आणि ५ ते ६ वर्षांचा डीपीटीचा बूस्टर बुडतो, हे त्याचं मोठं कारण. पुढे १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात-घटसर्प) असते, ती बहुधा शाळेतच होते. तुमच्या बाळाचा पहिला बूस्टर पेंटाच्या तिसऱ्या डोसानंतर सहा महिने सोडून, म्हणजे आता दिलात तर १७ महिने पूर्ण झाल्यावर. त्याच दिवशी एमआरचा दुसरा, जेईचा दुसरा, पोलिओचे थेंब आणि अ जीवनसत्त्वाचा पुढचा डोस उरकेल.

जाताना कोल्हापूरचं कार्ड न्या, त्याचा फोटो आधी मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि सिस्टरना सांगा की जुने डोसही इथल्या माता-बाल संरक्षण कार्डावर उतरवून यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसनोंदीवर चढवा. यू-विनवर एकच मोबाइल नंबर कायम द्या, शक्यतो तुमचा स्वतःचा. मी बघते, नवऱ्याचा एक, दिराचा एक असे दोन नंबर दिले की एकाच बाळाच्या दोन अर्धवट नोंदी तयार होतात. लसीकरणाचा वार केंद्रागणिक वेगळा असतो, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि जमल्यास सकाळीच पोचा. सासूबाईंनाही बरोबर घेऊन जा. अर्धा तास बसायचंच आहे, तेवढ्यात त्यांचे प्रश्न त्या सिस्टरना स्वतःच विचारतील.